‘एस’ फॉर स्लम्प

बालवाडीत ‘एस’ फॉर ‘सन’ असतो. इंजिनिअरिंगला आलं की त्याच अक्षराखाली अख्खं गाव वसलेलं दिसतं : स्ट्रेस, स्ट्रेन, शिअर, सेट, सॅग, स्लिप, स्लम्प. सगळे चिमुकले शब्द. त्यांना कुणी घाबरत नाही. घाबरतात ते ‘थर्मोडायनॅमिक्स’ला! माझं मत अगदी उलट आहे. लांबलचक शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो, तो समजला की झालं. खरे फसवे हे छोटेच.

‘सेट’च घ्या ना. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ सालच्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद या तीन अक्षरी शब्दाची होती, अर्थ चारशेच्या वर! सूर्य मावळतो तो ‘सेट’, दही लागतं तेही ‘सेट’, टेनिसचा ‘सेट’ आणि गणितातलाही ‘सेट’. मग सिमेंट ‘सेट’ झालं म्हणजे नक्की काय? ते मजबूत झालं? मुळीच नाही. ते फक्त घट्ट झालं, आता त्याला हवा तसा आकार देता येणार नाही, एवढंच. आपल्या साध्या सिमेंटला घट्ट व्हायला सुरुवात होण्याआधी निदान ३० मिनिटं मिळायला हवीत असं आय.एस. कोड सांगतं. ताकद मात्र आपण २८ दिवसांनी मोजतो. हा फरक न कळता नुसते आकडे पाठ केले, तर व्हायवाला दुसऱ्याच प्रश्नाला विकेट पडते.

स्ट्रेस आणि स्ट्रेन ही तर जुळी भावंडं. बोलण्यात दोन्ही म्हणजे ‘ताण’. पण इंजिनिअरच्या लेखी एक कारणासारखा, दुसरा परिणामासारखा. परिभाषेत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हणतात. ऐकायला जड वाटतं, पण पाहा : एक मीटर लांबीच्या लोखंडी सळईला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे २०० न्यूटनने ओढलं, तर ती साधारण एक मिलिमीटर वाढते. ओढ सोसताना आत जे बल उभं राहतं ते प्रतिबल. वाढ भागिले मूळ लांबी ही विकृती, म्हणून तिला एकक नाही. ‘विकृती’ हा शब्द ऐकल्यावर आकार बिघडलाय हे लगेच कळतं. ‘स्ट्रेन’ ऐकून कळतं का?

बाकीच्यांचंही तसंच. ‘शिअर’ म्हणजे कात्रीचं काम : दोन पाती शेजारून उलट दिशांनी सरकतात आणि कागद कापला जातो. ‘सॅग’ म्हणजे विजेच्या तारेचा झोळ. तो मुद्दाम ठेवतात, कारण थंडीत तार आखडते आणि झोळ नसेल तर तुटू शकते. ‘स्लिप’ म्हणजे घसरणं, पण इंडक्शन मोटरमध्ये कुणी घसरत नाही, रोटर मागे पडतो. चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रोटर १४४०, म्हणून स्लिप ४ टक्के. आणि ‘स्लम्प’? ३०० मिलिमीटर उंचीचा साचा उचलल्यावर ओलं काँक्रीट जेवढं खाली बसतं तेवढा स्लम्प. बसतं! इतका सोपा शब्द आपल्याकडे होता की.

आता मुद्द्याचं बोलते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घरच्यासारखं आहे. आमच्यासारख्यांचा समज असतो की शब्द ओळखीचा आहे म्हणजे अर्थ येतोच. मराठी माध्यमातून आलेला एखादा मुलगा वर्गात ‘स्लम्प म्हणजे काय?’ असं विचारतो तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते. तो पुन्हा विचारत नाही. जर्नल मुकाट्याने उतरवतो. नुकसान फक्त त्याचं होतं का? हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर देता आलं असतं? त्याने सगळ्यांच्या वतीने विचारलेला प्रश्न आपण गिळून टाकला. उद्या हीच मंडळी साइटवर उभी राहणार. तिथे गवंड्याला समजेल असं सांगायचंय, आणि त्याच्यापुढे नुसतं इंग्रजी चालत नाही.

२०२१ साली ए.आय.सी.टी.ई.ने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. चांगलंच झालं. पण आपला वर्ग इंग्रजीतून चालला तरी हरकत नाही. माझी मागणी छोटी आहे, या शब्दांएवढीच. प्रत्येक नव्या चॅप्टरच्या सुरुवातीला सरांनी, मॅडमनी दहा मिनिटं फक्त शब्दांना द्यावीत : साधा अर्थ काय, मराठीत काय म्हणतो, इथे त्याचा अर्थ कुठे बदलतो. व्याख्या त्यानंतर. आणि आपण विद्यार्थ्यांनी एवढंच करावं, कुणी अर्थ विचारला की हसू नये. उत्तर येत असेल तर सांगावं, नसेल तर त्याच्याबरोबर आपणही हात वर करावा.