मेणावरचं कुंकू

गाडी सर्व्हिसिंगहून परत आली तेव्हा ऊन तिरपं पडलं होतं, म्हणून लगेच दिसलं. गर्द निळ्या बॉनेटवर सगळीकडे गोल गोल बारीक रेघा, कोळ्यानं जाळं विणावं तशा. "मॅडम, तुम्ही जुन्या कस्टमर, म्हणून रबिंग मारून दिलंय. चार्ज नाही लावला," गाडी घेऊन आलेला मुलगा कौतुकानं म्हणाला. बिलावर मात्र 'वॅक्स पॉलिश' असं लिहिलेलं. त्या मुलाला मी काही बोलले नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण ज्यांनी न विचारता माझ्या गाडीवर मशीन फिरवलं, त्यांचा राग चार दिवस झाले तरी उतरलेला नाही.

वर्षातले दोन रविवार मी गाडीला मेण लावते. एक मृगाच्या आधीचा, एक दसऱ्याच्या आधीचा. त्या दिवशी मी फोनही घेत नाही. यंदा जूनमध्ये लावलेलं मेण पावसानं बरंचसं गेलं होतं, उरलेलं या मंडळींनी घासून काढलं. आणि नुसतं मेणच नाही, त्याच्या खालचंही काही गेलं.

हे 'खालचं' म्हणजे क्लिअर कोट. हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर हा पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन, पाखरांची शिट, झाडाचा चीक, सगळं तोच सोसतो. रबिंगच्या पेस्टमध्ये बारीक खर असते. ती हा थर घासून पातळ करते, म्हणून गाडी चकाकते. मेण काहीच काढत नाही, उलट वर आणखी एक पांघरूण घालतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नोबा नावाचं ताडाच्या जातीचं झाड वाढतं, त्याच्या पानांवरचं मेण या कामाला नावाजलेलं. ते वितळायला 80 अंशांच्या वर तापावं लागतं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांनाच पाणी होतं, आणि आपल्याकडे वैशाखातल्या बॉनेटवर हात टेकवून बघा.

आपल्याकडे घासण्यालाही पॉलिश म्हणतात आणि माखण्यालाही पॉलिशच म्हणतात. सगळा घोटाळा तिथे आहे. स्वयंपाकघरात हा घोटाळा कधी झाला नाही. कल्हईचं पातेलं कुणी खसाखसा घासत नसे, कल्हई जाईल म्हणून, आणि लोखंडी तव्याला धुऊन झाल्यावर तेलाचा हात फिरवल्याशिवाय कुणी तो मांडणीवर ठेवत नसे. घासायचं काय आणि माखायचं काय, हे घरातल्या लहान मुलीलाही कळत होतं. गाडीच्या बाबतीत मात्र चकाकलं म्हणजे चांगलं झालं, एवढंच आपण बघतो. कल्हई पुन्हा करता येते, कल्हईवाला दारावर यायचा. कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेला हा थर एकदा गेला की तसा परत येत नाही.

हे मला बाबांनी शिकवलं. आमच्याकडे फियाट होती, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारं घरात कुणीच नव्हतं. तिच्या रंगावर क्लिअर कोट वगैरे काही नव्हतं. पॉलिश केलं की फडक्यावर सरळ रंगच यायचा. बाबा ते फडकं माझ्यापुढे धरून म्हणायचे, "बघ, ही गाडी आली इथं." म्हणून ते पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदाच करायचे, तेही जपून. मेण मात्र नेमानं. गाडी सावलीत गार होऊ द्यायची, भरपूर पाण्यानं धूळ सोडवायची, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं अगदी पातळ हात. धुरकट वाळलं की दुसऱ्या फडक्यानं हलकेच पुसायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद, मग कितीही झटका. आमच्या सोसायटीत पहाटे वीस गाड्या पुसणाऱ्या मुलाला मी दुसरी बादली आणि चार फडकी घेऊन दिली आहेत. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजेही रबिंगच, रोज थोडं थोडं.

आता दसरा तोंडावर आलाय. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून बॉनेटवर ओल्या हळदकुंकवाचं स्वस्तिक काढायचं. मेण लावलेलं असलं की दुसऱ्या दिवशी पाण्याच्या एका हातानं ते निघतं. आमच्या शेजारच्या पांढऱ्या गाडीवर मागच्या दसऱ्याची पिवळी झाक अजून आहे.

आणि आजीच्या कपाळावर नेमकं उलट व्हायचं. तिथे मेण लावायचं ते कुंकू निघू नये म्हणून. फणेरपेटीत आरशाखालच्या कप्प्यात मेणाची डबी असायची. अनामिकेनं मेणाचा गोल ठिपका लावायचा, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं आणि कडेनं बोट फिरवून गोल नीट करायचा. मग चुलीपुढे कितीही घाम येवो, संध्याकाळपर्यंत कुंकू ओघळायचं नाही. टिकलीची पाकिटं आली आणि ही डबी घराघरांतून गेली. माझ्या मुलीला 'मेण लावून कुंकू' म्हणजे काय, हे मला करून दाखवावं लागलं.

ते मेण विकतचं नसायचं. मध घेऊन येणाऱ्या कातकरी बाईकडून आजी पोळ्याचा चोथा घ्यायची. पाण्यात घालून मंद आचेवर वितळवायची, धडप्यातून गाळायची आणि तसंच गार होऊ द्यायची. सकाळी पाण्यावर पिवळी वडी तरंगत असे. ती पुन्हा पातळ करून त्यात खोबरेल घालायचं, थंडीत जरा जास्त, उन्हाळ्यात अगदी थेंबभर. किती, ते तिनं कधी मोजलं नाही. गार झालं की मनगटावर बोटानं ओढून बघायची, आणि ओढलेली रेघ तुटली तर पुन्हा चुलीवर ठेवायची.