आधी पाणी, मग सिंहासन

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस पुण्यात रस्त्याकडेला तयार किल्ले मांडलेले दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, वरून हिरवा-तपकिरी रंग फवारलेले, बुरुजांवर आधीच भगवे झेंडे रोवलेले. आई-वडील दोघंही नोकरीवर, फ्लॅटला अंगण नाही, मुलांची सहामाही नुकतीच संपलेली. एक उचलून आणला की काम झालं. विकणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण घरात एखादं शाळकरी मूल असेल आणि त्याच्याबरोबर बसायला आजी, आजोबा, आत्या, मामा यांपैकी कुणीही मोकळं असेल, तर यंदा किल्ला विकत आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणायचंच असेल तर लाल मातीचं एक पोतं आणा.

सुट्टीत नातवंडांना काय करायला द्यायचं, हा प्रश्न माझ्या वयाच्या बायका मला हल्ली सारख्या विचारतात. मोबाईलवर कागदी फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, बाटलीच्या झाकणांची तोरणं असं पुष्कळ सापडतं आणि ते वाईट नसतं. फक्त ते अर्ध्या तासात संपतं आणि मूल पुन्हा 'आता काय करू?' म्हणत उभं राहतं. किल्ला चार दिवस पुरतो. त्यात पाच वर्षांच्या पोराला चिखल तुडवता येतो आणि तेरा वर्षांच्या मुलीला नकाशा काढता येतो. एकट्याने तो होतच नाही, शेजारची चार मुलं लागतातच. इतक्या वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र धरून ठेवणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

आमच्या लहानपणी वाड्यात किल्ला मुलग्यांचा आणि रांगोळी मुलींची, अशी वाटणी असे. आम्ही ठिपके मोजत असताना पलीकडे चिखलाचा काला चालायचा आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटायचा. आता नातीला तिकडे कुणी अडवत नाही, याचं मला फार सुख आहे.

जागेची अडचण सांगू नका. पार्किंगचा कोपरा, जिन्याखालची मोकळी जागा, गच्ची, काहीच नसेल तर गॅलरीतला तीन बाय दोन फुटांचा तुकडाही चालतो. खाली जुना फ्लेक्स अंथरायचा. पुण्यात त्याला तोटा नाही. त्यावर विटा, दगड, फुटक्या कुंड्यांचे तुकडे रचून डोंगराचा आकार आणायचा. मग गोणपाट पातळ चिखलात पूर्ण बुडवून त्या रचनेवर टाकायचं आणि दाबून दाबून घड्या पाडायच्या. या घड्यांच्याच सोंडा आणि घळी होतात. वरून लाल मातीचा थर द्यायचा. माती आधी चाळणीतून काढावी. बारीक वरच्या थराला, खडे पायथ्याला. सिमेंट अजिबात नको. सिमेंटचा किल्ला टिकतो, पण मुलांना तो मोडून पुन्हा करता येत नाही, आणि मोडून पुन्हा करण्यात तर सगळी गंमत आहे.

मोठ्यांनी काय करायचं? मी स्वतःशी ठरवून टाकलं आहे: चिखल कालवायचा, जड दगड उचलू लागायचं आणि मग खुर्ची टाकून प्रश्न विचारायचे. माझे प्रश्न माझ्या डोक्यातले नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गड कसा बांधावा याचं एक फार व्यवहारी प्रकरण आहे. गडावर पाणी आहे का हे आधी पाहा. नसेल आणि जागा तर घेणं भागच असेल, तर खडक फोडून टाकी करा. एका झऱ्यावर विसंबू नका. एकच दरवाजा ठेवू नका. हे सगळं ज्याने गड राखले त्या माणसाचं बोलणं आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते जसंच्या तसं समजतं.

मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा सिंहासन असतं. महाराज कुठे बसणार, तोफ कुठे ठेवायची, झेंडा केवढा. ते होऊ द्यावं आणि मग शांतपणे विचारावं, 'गडावर पाचशे माणसं आहेत, खाली वेढा पडलाय, पिणार काय?' आमच्या गँगने ताबडतोब बालेकिल्ल्याशेजारी खड्डा खणला आणि तांब्याभर पाणी ओतलं. दोन मिनिटांत खड्डा कोरडा. पुन्हा ओतलं, पुन्हा कोरडा, आणि तिसऱ्या वेळी खालची तटबंदी फुगून कोसळली. आता पाणी मातीत मुरतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नाही. एकाने करवंटी पुरली. नातीला ती फसवणूक वाटली. तिने काळी चिकणमाती आणून खड्ड्याच्या आत अंगठ्याने थापली, वाळू दिली, पुन्हा थापली. तिचं टाकं संध्याकाळपर्यंत भरलेलं होतं. तेव्हा मी तिला सांगितलं, की आपल्या सह्याद्रीच्या गडांवर टाकी काळ्या कातळात खोदलेली असतात आणि खोदताना निघालेला दगड तिथेच तटाला आणि बुरुजाला वापरलेला असतो. एका कष्टात दोन कामं. 'म्हणजे खड्ड्याची भिंत झाली,' ती म्हणाली. अगदी बरोबर.

वाटेचंही तसंच. मुलं पायथ्यापासून दरवाजापर्यंत सरळ रेघ ओढतात. मी एक गोटी वरून सोडायला सांगते. सरळ वाटेवरून गोटी सुसाट खाली येते आणि मावळे उडवते. मग घोडा, दाण्याची पोती लादलेला बैल यावरून चढणार कसा, हे मुलं आपोआप बोलू लागतात आणि वाट वळणं घेऊ लागते. गोटी वळणावर अडली की वाट पास. दरवाजाची गोष्ट त्याहून सुंदर आहे. रायगडाचा महादरवाजा खालून येणाऱ्याला शेवटपर्यंत दिसत नाही; दोन भक्कम बुरूज एकमेकांना वळसा घालून त्याला कवेत घेतात. मी दोन्ही हात छातीपुढे आणून, एक थोडा पुढे, एक मागे, असं करून दाखवते आणि मध्ये कुणाचं तरी बोट घालायला सांगते. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागाच मिळत नाही, हे त्या बोटाला कळतं. त्यानंतर मुलांनी दरवाजा तीनदा पाडून नव्याने केला.

कारंज्याशिवाय पुण्याचा किल्ला होत नाही. पूर्वी कुणाच्या तरी घरातली वापरलेली सलाईनची नळी यायची. आता औषधांच्या दुकानातून नवीच आणावी. बाटली गजाला उंच टांगायची, नळी मातीखालून न्यायची आणि टोकाला निब काढलेली बॉलपेनची रिकामी रिफील बसवायची. बाटली वर नेली की धार उंच, खाली आणली की धार बसली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातलं पाणी नळाने शहरात आणलं ते याच न्यायाने, कुठेही पंप नसताना, निव्वळ उतारावर. शनिवारवाड्यात जाऊन हजारी कारंजं पाहायचं असेल, तर आधी घरी बाटली वर-खाली करून पाहावी.

हिरवळीसाठी हळीव. मोहरी, नाचणी, गहू हेही लोक टाकतात, पण मोहरी उतारावरून घरंगळून खंदकात जमते. हळिवाचं बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन चिकटतं आणि उभ्या कड्यावरसुद्धा जागचं हलत नाही. पाणी हाताने शिंपडायचं; मग्गाने ओतलं की कडा वाहून जातो. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलं, तर धनत्रयोदशीला गड हिरवा दिसतो. सकाळी उठून दात न घासता पोरं आधी अंकुर पाहायला पळतात.

चित्रांसाठी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मुलांना घेऊन जा. ऑनलाईन मागवू नका. मातीचीच चित्रं हवीत असं सांगून मागा, कारण प्लास्टरची त्यांच्याच शेजारी ठेवलेली असतात. थोडीच घ्या: महाराज, दोन-तीन मावळे, एक तोफ, गुहेत बसवायला वाघ. बाकीचे पहारेकरी मुलांनी उरलेल्या मातीतून वळावेत. प्रत्येक किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि गवळण बुरुजाएवढी असते. ते दुरुस्त करायला जाऊ नका. मुलाच्या मनात महाराज तेवढेच आहेत.

किल्ला स्पर्धांविषयी माझं मत जरा वेगळं आहे. मोठ्या सोसायट्यांमध्ये बाबालोक रजा काढून थर्माकोलचा हुबेहूब राजगड उभा करतात. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या मापात. पाहून मान डोलावते, इतकं ते सुबक असतं. पण तिथे मूल चिकटपट्टी धरून उभं असतं. बाबांनी आपला छंद जरूर करावा. मुलांचा वाकडा किल्ला मात्र त्याच्या शेजारी वेगळा असू द्यावा.

गड आधी दाखवावा की आधी बांधावा, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. मी आधी बांधायच्या बाजूची आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. शिवनेरी, राजगड आणि लोहगड तर पुणे जिल्ह्यातच. बातमी आली तेव्हा मुलांनी ती ऐकली न ऐकली. पण भाऊबीज झाल्यावर आम्ही लोणावळा लोकलने मळवलीला उतरून लोहगडावर गेलो, तेव्हा हीच मुलं वाटेवर वाकून वळणं बघत होती. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, एकामागून एक चार दरवाजे, आणि प्रत्येक वळणावर वरच्या बुरुजावरून आपण कसे टप्प्यात येतो ते एकमेकांना ओरडून सांगत होती. वर सोळा कोनांचं तळं पाहिल्यावर नात काठावर बसून राहिली आणि यात पाणी मुरत कसं नाही, म्हणून तिने मला भंडावून सोडलं. फोटो काढायला फोन कुणी मागितला नाही.

गॅलरीत किल्लाही मावत नसेल, किंवा गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणं होत नसेल, तर टेबलावर आकाशकंदील करा. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि घरची खळ. मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. जुने लोक कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे. ते विषारी आहे, मुलं हात तोंडात घालतात, तेव्हा मुळीच टाकू नये. खळ दोन दिवसांत संपवावी. कामट्यांच्या दोन सारख्या चांदण्या बांधायच्या, टोकं एकमेकींना बांधायची आणि मधे चार-सहा बोटांच्या काड्या अडकवून पोट फुगवायचं. कामट्या मोठ्यांनी तासून द्याव्यात, त्यांची कूस फार वाईट लागते. आता आत एलईडी दिवा असतो, तो पूर्वीच्या बल्बसारखा तापत नाही, त्यामुळे कागद करपायची भीतीही गेली.

आणि दिवाळीनंतर कुठल्याही दिवशी करण्याजोगं हवं असेल, तर अरविंद गुप्ता यांची पुस्तकं आणून ठेवा. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस टेल्कोतली नोकरी सोडून मुलांच्या विज्ञानाकडे वळला, पुढे पुण्यात आयुकामध्ये बरीच वर्षं राहिला आणि 2018 मध्ये पद्मश्री झाला. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यांनी त्रिकोणापासून घनापर्यंत सगळी भूमिती उभी केली आहे. त्यांची पुष्कळशी खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंमधूनच होतात.

किल्ला उतरवायचा तो तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोही मुलांनीच. आमच्या वेळी सुतळी बाँब लावून उडवायचे. तो प्रकार बंद झाला हे उत्तम, त्यात डोळे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. माती कुंड्यांत जाते, गोणपाट गच्चीवर वाळवून घडी करायचं, चित्रं कागदात गुंडाळून खोक्यात. गेल्या वर्षी खोक्यावर नातवाने पेनने लिहून ठेवलं, 'टाकं दोन करायची, दरवाजा उत्तरेला'. नर्सरीवाला शेवटच्या आठवड्यात लाल माती सांगेल त्या भावाने देतो किंवा संपली म्हणतो, तेव्हा पोतं या रविवारीच आणून ठेवलेलं बरं.