मॅच पाहाले घरच्यायले काहून नेत नाही?

राजेहो, थंडी पडली की आपल्या हिवरखेड, अकोट, तेल्हारा भागात फ्लेक्स लागतात. कुठं टेनिस बॉलचे सामने, कुठं कबड्डी, कुठं शंकरपट. बक्षिसाचा आकडा मोठ्ठा, त्याच्यापेक्षा मोठे नेत्यांचे फोटो. अन् खाली बारीक अक्षरात एक ओळ ठरलेली : "सर्व क्रीडाप्रेमींनी सहकुटुंब उपस्थित राहावे."

या "सहकुटुंब" शब्दावर माझा आक्षेप आहे.

मागच्या हिवाळ्यात मी तो शब्द खरा मानला. रविवार होता. आई, बायको, चौथीतली पोरगी अन् धाकटा, असे सगळे ऑटो करून निघालो. डब्यात पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पोरगी आदल्या रात्रीपासून खूश. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे कोणत्याही गावात झालं असतं.

वेळ दिली होती सकाळी दहाची. टॉस झाला दीड वाजता, कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. मंडप होता, सोफे होते, पण ते पाहुण्यांसाठी. बाकी पब्लिक उन्हात. आईला शेवटी एका अनोळखी घरच्या ओट्यावर बसवलं. त्या माउलीनं चहा पाजला, तिचे उपकार. मग मी आयोजकातल्या एका पोराला बाजूला घेऊन विचारलं, बायांसाठी संडास-मुतारीची काही सोय? तो हासला. म्हणे, "काका, इथं बाया येतात कुठं?"

तेव्हा कळलं, बायकोनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिले हे आधीच माहीत होतं. मले माहीत नव्हतं. पंधरा वर्षं झाली लग्नाले!

तीन वाजता आम्ही परत फिरलो. पहिली मॅचही पूर्ण पाहिली नाही. पोरगी वाटेत एवढंच म्हणाली, "बाबा, आता मोबाईलवरच पाहू." ते वाक्य मले अजून टोचते.

आता आयोजक भाऊ म्हणतील, बाया येतच नाहीत, तर सोय कोणासाठी करायची? भाऊ, उलटं आहे ते. सोय नाही म्हणून बाया येत नाहीत. पुरावा पाहिजे असेल तर शेगावले पाहा. आपल्या घरातल्या ह्याच बाया, म्हाताऱ्या सासवा, कडेवरची लेकरं, सगळे दिवसभर शेगावात निर्धास्त राहतात. गर्दी कितीही असो, पिण्याचं पाणी आहे, स्वच्छ संडास आहे, बसायला सावली आहे. "तिथं महाराज आहेत म्हणून जातात," असं कोणी म्हणेल. खरं आहे, श्रद्धा माणसाला तिथवर नेते. पण दिवसभर टिकू देते ती व्यवस्था. आपल्याच वऱ्हाडात लाखो माणसांची व्यवस्था होते, अन् हजार माणसांच्या मैदानावर एक मुतारी होत नाही?

दुसरं उत्तर पैशाचं. पैसा कुठून आणायचा? मंडपाचे सोफे, डीजे, फटाके, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ, ह्याले पैसा कुठून येते? त्यातून थोडा काढा. बरेच सामने शाळेच्या मैदानावर होतात. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह असतंच. मुख्याध्यापकांना आधी सांगून किल्ली घ्या, पाण्याचा ड्रम भरून ठेवा, बचत गटातल्या दोन ताईंना दिवसाची मजुरी देऊन तिथं बसवा. याला निधी लागत नाही, मनात यावं लागते.

तिसरं उत्तर तर कमालीचं : "ज्याले मोठी मॅच पाहायची, त्यानं नागपूरले जावं." जाऊ ना भाऊ! विदर्भानं रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ अन् २०२४-२५ असा तीनदा जिंकला. अथर्व तायडे, आदित्य ठाकरे ही आपल्या अकोल्याची पोरं त्या संघात खेळली. पण २०२५ ची सेमीफायनल अन् केरळविरुद्धची फायनल दोन्ही झाल्या जामठ्याला. हिवरखेडहून अकोट, अकोट ते अकोला, तिथून अडीचशे किलोमीटर नागपूर, अन् पुढं वर्धा रोडवर जामठा. लेकरं-म्हातारे घेऊन सकाळी जाऊन रात्री परत येणं होते का? आपली मीटरगेजची गाडी २०१७ पासून बंद. ब्रॉडगेज अकोटपर्यंत आली, आपल्यापर्यंत यायची आहे. म्हणून तर गावातली मॅच महत्त्वाची. सामान्य घरच्या लेकराला डोळ्यांनी दिसणारा खेळ तोच.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांच्या हाताखाली १२० छोटे संघ आहेत, बरेचसे लहान लहान शहरांत. तिथं नावाजलेला खेळाडू नसते, तरी घरची मंडळी जातात. गवतावर चादर टाकून बसतात, मधल्या वेळात लेकरांचे खेळ घेतात. त्यांना कळलं आहे की आज मैदानावर आलेलं लेकरू उद्या खेळणार आहे किंवा तिकीट काढणार आहे. आपण मात्र अर्धं गाव घरी बसवून "क्रीडासंस्कृती"वर भाषण ठोकतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. त्या रात्री गावातल्या किती जणांनी स्टेटस ठेवले! मीही ठेवला. पण त्यातल्या कितीजणांनी आपली पोरगी एकदा तरी मैदानावर नेली? आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले. त्या मातीतले आपण, अन् मुतारीच्या प्रश्नावर हासतो.

म्हणून या हंगामातल्या सगळ्या आयोजक मंडळांना हात जोडून, पण स्पष्ट सांगतो. बायांसाठी बंदिस्त, पाणी असलेली सोय करा. एका बाजूला सावलीत घरच्या मंडळींची जागा राखा अन् तिथं तंबाखू-दारूवाल्याला फिरकू देऊ नका. दिलेल्या वेळेवर मॅच सुरू करा. पाहुणे उशिरा आले तर बक्षीस वाटायला थांबतील. अन् एक तरी सामना पोरींचा ठेवा.

हे जमत नसेल, तर फ्लेक्सवरून "सहकुटुंब" शब्द काढा. "फक्त पुरुषांसाठी" असं छापा. निदान माझ्यासारखा बाप पोरीला खोटी आशा दाखवणार नाही.

अन् वर्गणी मागाले याल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारीन. तुम्हीही विचारा.