वाड्याच्या तुळया आणि दुष्काळाचा पाठ

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात संतसाहित्य आणि दुष्काळ या विषयावरचा एक निबंध ऐकण्याचा योग आला. निबंध वाचणारी अभ्यासक तरुण होती आणि तिची तयारीही चांगली होती. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने तुकोबांच्या घराची जी वाताहत केली, तिच्याविषयी ती मनापासून बोलली. शेवटी पडद्यावर एका प्रचंड बुंध्याचा आडवा छेद दाखवून ती म्हणाली, की या दुष्काळाची साक्ष झाडांनीही आपल्या वलयांत जपून ठेवली आहे. टाळ्या पडल्या. आम्ही मागच्या रांगेत बसून त्या छेदाकडे पाहत होतो. तो कॅलिफोर्नियातील सिकोया वृक्षाचा होता.

त्या मुलीचा दोष काढावा असे आम्हांस तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. खटकली ती टाळी. साहित्याच्या अभ्यासकांना अलीकडे विज्ञानाचा आधार हवासा वाटू लागला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तो पुरावा वाचतात कसा हे शिकण्याआधीच आपण त्याचे रूपक करून मोकळे होतो. झाडाची रोजनिशी, मूक साक्षीदार, निसर्गाची बखर असले शब्द एकदा उच्चारले की पुढे वाचायचे काही उरतच नाही. वास्तविक वृक्षवलये वाचण्याची रीत आपल्या घरच्याच एका विद्येशी, म्हणजे पाठचिकित्सेशी, इतकी जवळची आहे की मराठीच्या विद्यार्थ्याला ती समजून घेणे मुळीच जड जाऊ नये.

वलय म्हणजे झाडाने एका वाढीच्या हंगामात सालीच्या आत चढवलेला लाकडाचा थर. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडात हंगामाच्या आरंभीचे लाकूड फिके आणि सैल असते, शेवटचे गडद आणि दाट. या दोहोंच्या सीमेवरून एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळे काढता येते. थराची रुंदी त्या वर्षी झाडाला ज्याची टंचाई होती त्यावर ठरते. कोरड्या प्रदेशात ही टंचाई पाण्याची असते, उंच थंड डोंगरावर उन्हाळ्यातल्या उबेची. म्हणून अभ्यासक झाडाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की बाबा, तुला कशाची वाण होती? नदीकाठी, खोल मातीत, पाण्याला तोटा नसलेल्या झाडाची वलये वर्षामागून वर्षे एकसारखी येतात. अशा झाडाला या शास्त्रात निश्चिंत म्हणतात आणि दुष्काळाच्या अभ्यासातून वगळतात. उतारावर, खडकाच्या भेगेत तग धरलेले झाडच कामाचे. (सुखवस्तू लेखकांविषयी इथे काही लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो.) यासाठी झाड तोडावेही लागत नाही, पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून घेतली की पुरते.

पण नुसती वलये मोजून वर्ष सांगता येत नाही, आणि खरी विद्या इथे सुरू होते. फार कडक वर्षी झाड एखाद्या बाजूला वलय धरतच नाही; ते वर्ष त्या कांडीतून गळून जाते. उलट हंगामाच्या मध्येच पाऊस ओढ देऊन पुन्हा आला तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. लेखनिकाच्या हातून गळलेली ओळ आणि मागून शिरलेला प्रक्षेप यांच्याशी झगडलेल्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको. उपायही तोच आहे: एका प्रतीवर विसंबायचे नाही. एकाच परिसरातल्या वीस-तीस झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून अरुंद आणि रुंद वलयांचा क्रम जुळवायचा, जिथे जुळत नाही तिथे कोणत्या झाडाने काय गाळले अथवा वाढवले ते शोधायचे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांची जी तुलना अनेक दशके चालली, तिची आठवण यावी असेच हे काम आहे.

एक भेद मात्र लक्षात घ्यावा लागतो, आणि तो झाडांच्या बाजूचा आहे. दहा पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरवल्या असतील तर त्यांचे एकमत म्हणजे एकच साक्ष. झाडे एकमेकांवरून नक्कल करीत नाहीत. प्रत्येक जण आपल्या मुळांवर उभा राहून तेच आभाळ सोसत असतो. त्यामुळे तीस झाडांत एकच वर्ष अरुंद निघाले तर त्यामागे काहीतरी सामायिक कारण होते असे मानावे लागते. तेही पाऊसच असेल असे नाही. कीड असेल, वणवा असेल.

ही रीत ज्यांनी घालून दिली ते अँड्र्यू एलिकॉट डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात फ्लॅगस्टाफ येथे पर्सिव्हल लॉवेल यांची वेधशाळा 1894 मध्ये उभारण्याचे काम त्यांनी केले. लॉवेल यांना मंगळावर कालवे दिसत असत. डग्लस यांनी दूर ठेवलेल्या कृत्रिम चकत्या दुर्बिणीतून पाहून असा संशय व्यक्त केला, की त्या रेषांपैकी काही पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच असाव्यात. 1901 मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे 1904 मध्ये ते फ्लॅगस्टाफच्या लाकूडवखारीत ओंडक्यांची टोके मोजू लागले, तेही पावसासाठी नव्हे. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र झाडांत उमटले असेल अशी त्यांची आशा होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांतला कालवा ओळखणाऱ्या या माणसाची स्वतःचीही एक हवीहवीशी रेषा होती. चक्र त्यांना हवे तसे सिद्ध झाले नाही. वलयांची जुळणी मात्र टिकली, कारण ती त्यांच्या आशेवर अवलंबून नव्हती.

या जुळणीचा सर्वांत सुंदर प्रसंग 1929 चा आहे. डग्लस यांच्याकडे तेव्हा दोन मालिका होत्या. एक जिवंत झाडांपासून मागे तेराव्या शतकापर्यंत जाणारी. दुसरी प्राचीन पुएब्लो वस्त्यांच्या तुळयांवरून जुळवलेली, सलग 585 वर्षांची, पण कोणत्याही इसवी सनाशी न बांधलेली. तिला तरंगती मालिका म्हणत. 22 जून 1929 रोजी ॲरिझोनातील शो लो गावच्या एका उत्खननात हॉरी आणि हारग्रेव्ह या दोघांना अर्धवट जळालेली एक तुळई सापडली. तिच्यात 1237 पासून 1380 पर्यंतची वलये होती. दोन्ही मालिका तिने जोडल्या आणि प्वेब्लो बोनितोसारख्या वास्तूंना एकदम तारखा मिळाल्या. नंतर कळले, की दोन मालिकांमध्ये खरे तर खंड नव्हताच. 1276 ते 1299 या काळात तिथे मोठे अवर्षण होते. त्या वर्षांची वलये इतकी बारीक आणि हाती असलेले तुकडे इतके तोकडे, की कोणाला खात्री देता येईना. दुष्काळाने पाठ तोडला होता, आणि तो जुळला तेव्हा त्या तुटीतूनच दुष्काळ वाचता आला.

आता आपल्याकडे यावे. वड, पिंपळ, आंबा यांचे वय आपण कथांतून सांगत असलो तरी वर्षाला एक अशी स्वच्छ वलये त्यांच्यात मिळत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांचे असेच आहे. साग हा सुदैवाने अपवाद आहे. कोरड्या ऋतूत तो पाने गाळून थांबतो आणि नव्या हंगामाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग धरतो. जावा बेटावरील सागाची 1514 पासूनची मालिका बेर्लागे यांनी 1931 मध्येच प्रसिद्ध केली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी 1983 मध्ये ठाणे परिसरातील सागाचा अभ्यास मांडला. पुढे 2010 मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातील सागाची 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील अरुंद वलये तुटीच्या पावसाशी आणि एल निन्योच्या वर्षांशी जुळतात. त्याच वर्षी एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी मोसमी आशियाचा दुष्काळ-नकाशासंग्रह सिद्ध केला. तीनशेहून अधिक वृक्षमालिकांवरून 1300 पासूनच्या प्रत्येक उन्हाळी हंगामाची कोरड अथवा ओल त्यात दाखवली आहे. मात्र त्या मालिकांतील बहुतेक झाडे हिमालयापासून मंगोलिया-जपानपर्यंत आणि आग्नेय आशियात उभी आहेत. दख्खनच्या पठारावरचा रंग बराचसा दूरच्या झाडांवरून गणिताने काढलेला आहे. तेव्हा देहूच्या 1630 विषयी बोलणाऱ्याने नकाशावर बोट ठेवण्यापूर्वी त्या बोटाखाली झाड आहे की गणित, एवढे तरी पाहावे.

समजा, झाड मिळाले. तरी ते काय सांगणार? 'अस्मानी-सुलतानी' या आपल्या जुन्या जोडशब्दातला पहिला अर्धा भाग तेवढा झाडाच्या वाट्याचा आहे. 1876 ते 1878 चे अवर्षण कुक यांच्या नकाशांत उष्ण कटिबंधातील आशियाभर पसरलेले दिसते, आणि एवढा विस्तार कोणत्याही एका पत्रात मावणार नाही. परंतु 20 एप्रिल 1877 रोजी सावित्रीबाईंनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उघडावे. माणसे आणि जनावरे यांची दैना तिथे आहेच. त्यासोबत सावकारांची वागणूक, त्यातून उसळलेले दंगे, सत्यशोधकांची झालेली धरपकड आणि कलेक्टरशी झालेले बोलणेही आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. ही मजुरी सागाच्या कोणत्याही वलयात सापडणार नाही. 1972 हेही एल निन्योचे वर्ष होते आणि महाराष्ट्रात त्या वेळी भीषण अवर्षण होते. पण 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि 1877 सारखा संहार झाला नाही. दोन्ही वर्षांची वलये सारखीच अरुंद भरली, तरी त्या दोन वर्षांतला फरक झाडाला ठाऊक नसतो. म्हणून वलयाने अभंग सिद्ध होतो किंवा अभंगाने वलय सिद्ध होते, ही भाषा आम्हांस मान्य नाही. पाऊस किती आणि कुठवर पडला नाही ते झाडाला विचारावे. त्यापायी कोण मेले आणि का मेले, ते माणसांच्या कागदांना.

मग साहित्याच्या माणसाने झाडाकडे बघूच नये काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जुनी बाडे शोधत आपण वाड्यांच्या माळ्यांवर चढतो. तो माळा ज्या तुळयांवर उभा असतो त्या पुष्कळदा सागवानी असतात, आणि त्यांच्याकडे मान वर करून आपण कधी पाहत नाही. तासलेल्या तुळईची बाहेरची पांढरट वलये गेलेली असतात, म्हणून झाड कोणत्या वर्षी तोडले ते नेमके सांगता येत नाही; ते कोणत्या जंगलातून आले हेही सहसा माहीत नसते. पण या अडचणी नव्या नाहीत. जुन्या फ्लेमिश चित्रांच्या ओकच्या फळ्या बाल्टिक प्रदेशातून आल्या होत्या, हे त्या फळ्यांच्या वलयांवरूनच कळले. जिवंत सागाची मालिका जिथे संपते त्याच्या मागे जायचे तर आपल्यापाशीही ॲरिझोनासारख्या तुळयाच आहेत, आणि त्या दरवर्षी रंध्याखाली जात आहेत.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका पेठेत असाच एक वाडा उतरवला जात होता. मालकांनी माळ्यावरची दोन गाठोडी आम्हांला आपण होऊन दिली. आत हिशेबाचे कागद आणि एक फाटकी पोथी होती. बाहेर तुळया ट्रकवर चढत होत्या. एकीचे टोक नुकतेच करवतीने कापलेले होते. आमच्यापैकी एकाने खिशातली टाचणी काढून वलये मोजायला घेतली. 117 पर्यंत आला, तेव्हा हमालाने हाक दिली, "साहेब, जरा बाजूला व्हा." तुळई उचलली गेली. वखार कोणती, हे विचारून ठेवले आहे.