पोटातला गोळा

दूध, तूप, अंडे यांतले काहीच न घेणारा पाहुणा जेवायला येणार म्हटले, की गृहिणीच्या पोटात गोळा येतो! तिने जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचे बटाट्याचे गोळे करून पाहावेत. अंड्यावाचून ते फुटतील ही भीती नको. मूळ कृतीतच अंडे नाही. दोन वाटे कच्चे बटाटे किसून फडक्यात घट्ट पिळावेत. निथळलेल्या पाण्याच्या तळाशी बसणारे सत्त्व मात्र फेकू नये. गोळा धरून ठेवते ते तेच. ते किसात मिसळावे, मीठ घालावे आणि वर एक वाटा उकडलेल्या बटाट्यांचा कढत, सैलसर लगदा ओतावा. गोळ्यांच्या पोटात पावाचे तळलेले तुकडे भरतात. ते लोण्याऐवजी तेलात तळावेत. पाणी खळखळू न देता त्यात गोळे 20 मिनिटे ठेवावेत. तिकडे सोबत मांसाचा रस्सा असतो, आपण अळंब्यांचा करावा.