गोळी स्वस्त, देखरेख महाग : बीजोत्सर्गाच्या औषधांपुढे कायदा कुठवर पोहोचतो?

रायपूर : वंध्यत्वावरील उपचार म्हटले की टेस्ट ट्यूब बेबी, भ्रूण साठवणारी शीतपात्रे आणि लाखोंचा खर्च डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बहुतेक जोडप्यांचा प्रवास सुरू होतो तो पाच दिवस घ्यायच्या एका साध्या गोळीपासून. स्त्रीबीज परिपक्व होऊन बीजांडकोशातून बाहेर पडावे, म्हणजेच बीजोत्सर्ग व्हावा, यासाठी दिली जाणारी क्लोमिफिन किंवा लेट्रोझोल ही औषधे महानगरांतील मोठ्या केंद्रांत जशी लिहून दिली जातात, तशीच रायपूरच्या बुढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीजवळच्या छोट्या दवाखान्यांतही. औषध तेच असते. ते देण्यापूर्वी काय तपासले जाते आणि दिल्यानंतर कोण लक्ष ठेवते, यात मात्र मोठी तफावत पडू शकते. देशाने प्रयोगशाळेतील गर्भधारणेसाठी कायदा केला. गोळीच्या बाबतीत तो जवळजवळ मौन आहे.

बुढातलावाच्या काठावरील ही वस्ती रायपूरच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या शहराचे मराठीशी नाते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार छत्तीसगडचा एकूण जननदर १.८ पर्यंत उतरला आहे. सरकारी यंत्रणेची दृष्टी वर्षानुवर्षे जन्म रोखण्यावर राहिली. त्याची भयंकर किंमत या राज्याने मोजली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका दिवसात ८३ महिलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनाहून अधिक महिलांना प्राण गमवावे लागले. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. मूल नको असलेल्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्या दुर्घटनेने ऐरणीवर आणला. मूल हवे असलेल्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न अजून तितका चर्चेत आलेला नाही.

बंदी आणि माघार

लेट्रोझोलची कथा या प्रश्नाची गुंतागुंत उलगडून दाखवते. मुळात हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध. शरीरातील इस्ट्रोजेन तात्पुरते कमी करून ते मेंदूतील पियुषिका ग्रंथीला बीजांडकोश उत्तेजित करण्याचा संदेश धाडण्यास भाग पाडते. याच गुणामुळे वंध्यत्वासाठी त्याचा वापर सुरू झाला आणि २००७ मध्ये भारतात त्याला मान्यताही मिळाली. दरम्यान, २००५ मध्ये परदेशातील एका वैद्यकीय परिषदेत सादर झालेल्या छोट्या अभ्यासाने बाळांतील जन्मजात व्यंगांची भीती निर्माण केली होती. ९११ नवजात बालकांच्या २००६ मधील अभ्यासात ती खरी ठरली नाही. जन्मजात दोषांचे प्रमाण लेट्रोझोल गटात २.४ टक्के, तर क्लोमिफिन गटात ४.८ टक्के आढळले. तरीही १२ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने औषध नियंत्रण यंत्रणेच्या कारभारावर जो कठोर अहवाल दिला, त्यातही या औषधाच्या मान्यतेच्या प्रक्रियेवर बोट ठेवले होते.

त्यानंतर पुरावा उलट दिशेने झुकला. २०१४ मध्ये पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, असलेल्या ७५० महिलांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफिन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के महिलांनी जिवंत बाळाला जन्म दिला. २०१७ मध्ये भारताने बीजोत्सर्ग न होणाऱ्या महिलांपुरती ही बंदी उठवली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएसमध्ये बीजोत्सर्गासाठी लेट्रोझोललाच पहिली पसंती दिली.

या घटनाक्रमातून दोन धडे निघतात. मान्यता देताना पुरेशी चाचणी न मागणे ही एक चूक होती. बंदी घालताना उपलब्ध पुराव्याचा पुरेसा विचार न होणे ही दुसरी. दोन्हींचा भार स्त्रियांवर पडला. बंदीच्या काळात अनेकींना तुलनेने कमी उपयुक्त औषधावर विसंबावे लागले.

धोका नेमका कुठे?

ही औषधे स्वभावतः घातक नाहीत. क्लोमिफिनला अमेरिकेत १९६७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासूनचा अनुभव हाताशी आहे. मात्र क्लोमिफिनच्या गर्भधारणांपैकी सुमारे ७ ते १० टक्के जुळ्यांच्या असतात आणि जुळी गर्भधारणा म्हणजे अकाली प्रसूती, रक्तदाब व कमी वजनाच्या बाळांचा वाढता धोका. दृष्टी अंधुक झाली किंवा डोळ्यांपुढे चमक दिसू लागली, तर औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे लागते. सहा आवर्तनांनंतरही यश न आल्यास तीच गोळी पुढे रेटण्यापेक्षा उपचाराची दिशा बदलणे शहाणपणाचे मानले जाते.

इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या गोनॅडोट्रोपिन संप्रेरकांत धोका अधिक आहे. त्यांच्यामुळे बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन सुजतो, रक्तातील द्रव पोटात आणि छातीत झिरपू लागतो. झपाट्याने वजन वाढणे, पोट फुगणे, लघवी कमी होणे आणि श्वास लागणे ही त्याची लक्षणे. रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. छत्तीसगडसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण या राज्यात सिकल सेलचे प्रमाण लक्षणीय आहे आणि शरीरातील पाणी कमी होणे हे सिकल सेलच्या रुग्णासाठी संकटाला आमंत्रण ठरते. उत्तेजक इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी सिकल सेलची साधी रक्तचाचणी करणे येथे म्हणूनच अगत्याचे ठरते.

गोळी सुरू करण्यापूर्वीची तपासणी हा सुरक्षिततेचा पहिला टप्पा. गर्भधारणा आधीच झालेली नाही ना, बीजांडकोशात गाठ किंवा यकृताचा आजार नाही ना, थायरॉइड व प्रोलॅक्टिनची पातळी योग्य आहे ना, हे पाहावे लागते. पतीच्या वीर्याची तपासणी टाळून पत्नीला महिनोन्महिने गोळ्या देणे हा वैद्यकीय दोष आहे आणि सामाजिक अन्यायही. मूल न होण्याचा ठपका आजही सुनेच्याच माथी मारला जातो, त्यामुळे तपासणीची सुरुवातही तिच्यापासूनच होते. बीजवाहिन्या बंद असतील, आणि भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, तर बीजोत्सर्गाची कोणतीही गोळी निरुपयोगी ठरते. पीसीओएस असलेल्या स्थूल महिलांत वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी काही वेळा बीजोत्सर्ग आपोआप सुरू होतो.

दुसरा टप्पा सोनोग्राफीचा. पाळीच्या साधारण दहाव्या ते बाराव्या दिवसापासून फॉलिकल, म्हणजे बीज वाढणाऱ्या पुटिका, किती आणि केवढ्या आहेत हे पाहिले जाते. एकाच वेळी अनेक मोठ्या पुटिका दिसल्या तर त्या महिन्यातील प्रयत्न सोडून देणे हाच सुरक्षित निर्णय असतो. पण तो निर्णय सोनोग्राफी झाली तरच घेता येतो. गोळ्यांपेक्षा या तपासण्यांचा खर्च कितीतरी अधिक, आणि काटकसर नेमकी तिथेच होते.

कायद्याची सीमारेषा

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यामागे कटू अनुभव होते. मुंबईत २०१० मध्ये बीजदान करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि अल्पवयीन मुलींच्या शोषणाचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आज बीजदात्री २३ ते ३५ वर्षे वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेऊ नयेत, असे बंधन आहे. केंद्रांची नोंदणी अनिवार्य आहे.

परंतु कायद्याची व्याख्या शुक्राणू किंवा स्त्रीबीज शरीराबाहेर हाताळण्याच्या तंत्रांपुरती आहे. गर्भाशयात शुक्राणू सोडण्याची प्रक्रिया त्यात येते. केवळ गोळ्या घेऊन नैसर्गिक संबंधांतून गर्भधारणेचा प्रयत्न मात्र त्या चौकटीबाहेर राहतो. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचलेल्या स्त्रीच्या पाठीशी कायदा उभा आहे. त्याआधीच्या पायरीवरील स्त्री केवळ डॉक्टरांच्या विवेकावर अवलंबून आहे. लेट्रोझोल डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे, हे खरे. पण चिठ्ठी औषधाची विक्री नियंत्रित करते, उपचाराची गुणवत्ता नव्हे.

प्रत्येक गोळीसाठी नवा कायदा करणे हा यावरील उपाय नव्हे. २०११ च्या बंदीने सरधोपट निर्बंधांची मर्यादा दाखवून दिली आहे. गरज आहे ती जिल्हा रुग्णालयांतील स्त्रीरोग विभागात जोडप्याची एकत्रित प्राथमिक तपासणी, वीर्यतपासणी आणि फॉलिकलची सोनोग्राफी परवडणाऱ्या दरात मिळण्याची. रायपुरात डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि एम्ससारख्या सार्वजनिक संस्था आहेत. त्यांनी एक समान उपचार-क्रम ठरवून तो जिल्ह्यांपर्यंत नेला, तर खासगी दवाखान्यांपुढेही मापदंड राहील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. म्हणजे हा मूठभर श्रीमंतांचा प्रश्न नाही. कुटुंब नियोजनाचा अर्थ मूल कधी नको एवढाच नसून, मूल हवे तेव्हा ते सुरक्षितपणे होणे हाही आहे. बुढापाऱ्यातील एखादी स्त्री हातात गोळ्यांची पट्टी घेऊन घरी परतते, तेव्हा पुढची सोनोग्राफी कधी, कुठे आणि किती खर्चात, हे तिला त्याच वेळी ठाऊक असले पाहिजे. आरोग्य यंत्रणेची खरी कसोटी तिथेच लागणार आहे.