ठेकेदार बदलला तरी सेवा अखंड धरणे व बुडालेला पीएफ भरणेबाबत निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर

महोदय,

आपल्या फौंड्रीतील फेटलिंग व मोल्डिंग विभागाचे आम्ही कंत्राटी कामगार हे निवेदन पुन्हा एकदा सादर करीत आहोत. आधीच्या निवेदनांची पोच आमच्याकडे आहे; उत्तर नाही.

ठेकेदार बदलला की गेटवर जुने ओळखपत्र काढून घेतात व नवे देतात. त्यावर रुजू तारीख त्याच दिवसाची. मशीन तेच, सुपरवायझर तोच, शिफ्टही चुकत नाही; कागदावर मात्र आम्ही कालचे. वर्षानुवर्षे ग्राइंडरवर उभे असलेले सहकारी ग्रॅच्युइटीच्या हिशेबात आजही नवखे आहेत. आधीच्या ठेकेदाराने कापलेला पीएफ पगाराच्या स्लिपवर दिसतो, पासबुकात त्या महिन्यांची नोंदच नाही. एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला अर्ज केला तेव्हा हे उघड झाले. एचआरने त्याला ठेकेदाराकडे पाठवले, नव्या ठेकेदाराने जुन्याकडे, आणि जुन्याचा फोन बंद. आमच्यातील काहींचे वडील उद्यमनगरातल्या इंजिन कारखान्यांत होते. जाब कोणाला विचारायचा, हे त्यांना शोधावे लागले नाही. कास्टिंग आपल्या नावाने बाहेर जाते, मग ते घडवणारा कामगार कोणाचा?

गणपतीपूर्वी "यादी द्या, मार्गी लावतो" असे आपण म्हणालात. यादी दिली. दिवाळीपूर्वी संयुक्त बैठकीचा शब्द दिलात. बैठक झाली नाही. आता "ऑडिटनंतर बघू" असे सांगितले जाते.

२०२४ मध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचे कामाच्या ताणाविषयीचे पत्र गाजले, तेव्हा कुठे तपासणी झाली आणि त्या कार्यालयाची आस्थापना नोंदणीच नसल्याचे बाहेर आले. आमच्याकडे तर भट्टी आहे. इथे कोणाचा जीव जाण्याची वाट पाहू नये.

प्रत्येकाची मूळ रुजू तारीख लेखी मान्य करावी. बुडालेला पीएफ कंपनीने आधी भरावा, ठेकेदाराकडून वसुली नंतर करावी. या कामासाठी एक अधिकारी नेमून त्याचे नाव गेटवरील फलकावर लावावे. शिवाय हातमोजे व मास्क वेळेवर मिळावेत, ओव्हरटाइम स्लिपवर यावा, कँटीनमधील आमची वेगळी रांग बंद व्हावी.

तोंडी आश्वासन आता नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास आम्ही रीतसर तक्रार दाखल करून गेटसमोर धरणे धरू, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
समस्त कंत्राटी कामगार

प्रत माहितीस्तव : मा. सहायक कामगार आयुक्त, कोल्हापूर